कोरड्या तळ्यावरचे सुभेदार

त्या गावच्या तळ्यात पाण्याचा थेंब नव्हता, तेव्हाही सुभेदार अण्णा रोज सकाळी तिथं मासे धरायला जात.

ही थट्टा नाही. जत तालुक्यातल्या त्या गावात जनावरांचा डॉक्टर म्हणून माझी बदली झाली, आणि पहिल्याच सकाळी पाय मोकळे करायला मी तळ्याकडं गेलो. तळं कसलं, भेगाळलेल्या मातीची भलीमोठी परात! तळाशी चार मेंढ्या उगाचच उभ्या होत्या. काठावर मात्र एक उंच, मिशाळ गृहस्थ गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवून, डोक्याला हिरवी गोल टोपी घालून उभे होते. हातात लांब, लवलवती काठी. ती ते मागं-पुढं झुलवत होते. काठीच्या शेंड्यातून निघालेली पिवळी दोरी हवेत मागं जायची, सरळ व्हायची, मग डोक्यावरून पुढं झेपावून लांबवर अलगद उतरायची. मातीवर.

मी बराच वेळ बघत राहिलो. शेवटी राहवेना.

"काय चाललंय?"

"मासं," त्यांनी मागं न बघता उत्तर दिलं.

"पण पाणी?"

"ते यायचंय. फौजेत कसं असतंय, हुकूम यायच्या आधी तयारी लागती. तयारी पूरी, पाणी बाकी!"

मी वाईचा. नदी घराच्या दाराशी. गळ टाकून बसणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली होती, पण गळ टाकून पाण्याची वाट बघणारा माणूस पहिल्यांदाच पाहत होतो. त्या दिवसापासून सुभेदार बसाप्पा, म्हणजे सगळ्या गावाचे अण्णा, आणि मी असं आमचं जमलं ते जमलंच.

अण्णांनी उभी हयात सैन्यात काढली. त्यातली बरीचशी हिमालयाच्या पायथ्याशी. तिथं एका साहेबांना नदीत मासे धरायचा नाद होता, आणि त्यांची पिशवी उचलता उचलता तो अण्णांना लागला. नाद साधा नाही. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. बारक्या गळावर पिसं, लोकर, केस आणि रेशीम गुंडाळून हुबेहूब माशी बनवायची, ती दोरीच्या टोकाला बांधायची आणि पाण्यावर अशी उतरवायची, की माशाला वाटावं, खरीच माशी येऊन बसली. "माशीनं मासा धरायचा," असं अण्णा सांगत, आणि त्या वेळी त्यांचे डोळे असे लकाकत, की ऐकणाऱ्यालाही आपण मासा असल्यासारखं वाटायला लागे. साहेबांनी बदलीवर जाताना आपली काठी अण्णांना देऊन टाकली. निवृत्तीनंतर अण्णा ती लांब पेटीत घालून गावी आले, तेव्हा गावानं ती बंदूक समजून पहिले काही दिवस त्यांना फार मान दिला.

पुढं पेटी उघडली आणि मान ओसरला. "धरायचा आन परत सोडायचा?" चहाच्या हॉटेलवाल्या सिदरामानं विचारलं होतं. "मग धरायचा कशाला, आण्णा?"

"वळख करून घ्यायला," अण्णा म्हणाले.

पण अण्णांचं खरं वेड मासे नव्हेत. गाठी! दोरीला बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, जोडायची एक गाठ, तंगुसाला माशी बांधायची दुसरी, दोन तंगूस एकमेकांना जोडायची तिसरी. एका गाठीला तर ते "लाजरी" म्हणत, कारण ती आवळली की स्वतःतच शिरून बसे. प्रत्येक गाठ ओढण्याआधी ते ती जिभेला लावून ओली करत. "ओली गाठ, पक्की गाठ. सुकी वडली की तंगूस भाजतंय. माणसाचंबी तसंच हाय, डागदर. वल न्हाई, तर आवळू नगं."

हे इथवर ठीक होतं. पण गावात कुठंही चुकीची गाठ दिसली, की अण्णांना ती सहन होत नसे. शेरडाचं दावं, पाण्याच्या टँकरचा पाइप, पोरीच्या दप्तराचा बंद, कशालाही त्यांचा हात जायचा. एकदा तर एका लग्नात अक्षता पडल्यावर ते तरातरा मांडवात चढले. नवरा-नवरीच्या शेल्याउपरण्याची गाठ हातात घेऊन निरखली आणि भटजींना म्हणाले, "ही उलटी पडलीया. सुटंल." कुणी काही बोलायच्या आत त्यांनी ती सोडली, थुंकी लावायला तोंडाजवळ नेली, नवरीच्या आईचा चेहरा बघून सावरले, तांब्यातलं पाणी लावलं आणि नवी गाठ मारली. ती इतकी पक्की बसली, की देवदर्शन झालं, जेवणं झाली, वरात निघायची वेळ झाली, तरी सुटेना. नवरा हात धुवायला निघाला की नवरी मागोमाग. शेवटी गाडी पाठवून अण्णांना घरून आणलं. त्यांनी एका बोटानं कुठंतरी टिचकी मारली आणि गाठ गळून पडली. नवरदेव घाम पुसत म्हणाला, "आण्णा, संसाराची अशी बसू दे, पर उपरण्याची नगं!"

माशीला पिसं लागतात, तीही साधी नव्हे. तांबड्या कोंबड्याच्या मानेची, लांब, चमकदार, ताठ. असा कोंबडा गावात एकच होता, शेजारच्या तायव्वाचा. एके दिवशी तायव्वा तो कोंबडा काखेत मारून माझ्या दवाखान्यात आली.

"डागदर, कसला रोग आलाय बघा. निस्ती मानंचीच पिसं झडाय लागल्यात!"

मी कोंबडा तपासला. गोचीड नाही, खरूज नाही, ताप नाही. पक्षी ठणठणीत, फक्त मान उघडी. आणि त्याच वेळी बाकावर बसलेले अण्णा छताच्या पत्र्याकडं फार लक्ष देऊन बघत होते. कोंबड्यानं अण्णांना पाहिलं मात्र, असा काही कोकलला, की मला पुढं तपासायची गरजच उरली नाही.

"तपास बंद करा, डागदर," अण्णा उठून उभे राहिले. "रोग मीच हाय."

तायव्वानं मग मराठीत सुरुवात करून कानडीत शेवट केला. त्यातलं कानडी मला कळलं नाही, पण अण्णांच्या मिशा खाली आल्या, त्यावरून ते चांगलंच लागलं असावं. शेवटी पिसं झडायच्या पुढच्या हंगामात कोंबड्यानं आपणहून टाकलेली पिसं तेवढी अण्णांनी घ्यावीत, असा तह झाला. त्यानंतर अण्णा रोज कोंबड्याच्या मागं मागं अदबीनं चालताना दिसत. साहेबाच्या मागं चालावं तसे.

अण्णांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो मेंढ्यांना लस टोचायला. घर निंगव्वा अक्कांचं, अण्णांच्या बायकोचं. मी मुद्दामच असं म्हणतो. अण्णा सीमेवर असताना त्या बाईनं मेंढ्या वाढवल्या, ज्वारीची रानं राखली, लेकरं शिकवली, लग्नं लावली. कमी बोलणार, भरभर चालणार, नजर कायम पुढच्या कामावर. मेंढी धरायला अण्णा पुढं झाले, तर अक्का म्हणाल्या, "तुमी सरका, ती तुमाला वळखत न्हाई." दोर मागितला तर अण्णा दोन खोल्या शोधून रिकाम्या हातानं आले. अक्कांनी जागेवरून हात लांबवून खुंटीवरचा काढून दिला. मुंबईहून लेकाचा फोन आला, तो अण्णांनी उचलला. "हां पप्पा, बरंय. मम्मीला द्या," एवढं आम्हाला बाहेर ऐकू आलं.

निघताना अण्णा माझ्याबरोबर फाट्यापर्यंत आले. "घरात मला अजून पोस्टिंग मिळालं न्हाई, डागदर," असं म्हणून मोठ्यानं हसले. मीही हसलो. मग त्यांनी विषय बदलला. "सांगलीला कवा जाणार तुमी? काठीच्या शेंड्याची कडी तुटलीया. सामान आणायचंय."

तो सांगली-मिरजेचा दिवस मी जन्मात विसरणार नाही. लसींचा डबा आणायला मी मोटरसायकलवर निघालो, आणि मागं अण्णा, काठीची पेटी भाल्यासारखी उभी धरून. कवठे महांकाळ ओलांडेपर्यंत त्यांनी मला सगळ्या गाठी तोंडी शिकवल्या. गाडी चालवत असल्यामुळं एकही माझ्या हातात बसली नाही.

सांगलीत आधी नदीकाठच्या दुकानात गेलो. दुकानदारानं वाम मासा धरायचा गळ पुढं ठेवला. अण्णांनी तो उचलून उन्हात धरला. "ह्याला बोकड लागंल," म्हणाले. आपल्या छातीच्या खिशातून कापसात गुंडाळलेला तांदळाच्या दाण्याएवढा गळ त्यांनी काढून दाखवला. दुकानदारानं चष्मा लावला, मग चष्म्यावर चष्मा लावावा तशी मान पुढं केली आणि विचारलं, "यानं काय मुंगी धरता?"

मग सराफांच्या गल्लीत एक बारीक पकड मिळाली, नथ जडवताना मोती धरून ठेवायची. "ह्यात गळ धरला की दोनी हात मोकळं!" असं म्हणून अण्णांनी भर गल्लीत आरोळी ठोकली. मग बांगड्यांचं दुकान. माशीच्या डोक्यावरची शेवटची गाठ सुटू नये म्हणून त्यावर एक थेंब पारदर्शक नेलपॉलिश लागतं. एवढ्या मिशांचा माणूस नेलपॉलिश निवडतोय म्हटल्यावर दुकानातल्या बायकांचं लक्ष आपल्या बांगड्यांवरून उडालं.

"सूनबाईसाठी का, काका?" दुकानदार बाईंनी गोड विचारलं.

"न्हाई. माशीसाठी."

बाईंनी ती बाटली बांधून दिली, पण हातात न देता टेबलावर ठेवून सरकवली.

मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत शिरलो, तेव्हा दुपार टळली होती. एका दुकानात अण्णांना सतारीची तार मिळाली. कारागिरानं तिथल्या तिथं ती वाकवून काठीच्या शेंड्याला कडी करून दिली. ती काठीला घट्ट बांधायला धागा हवा होता. कारागिरानं रेशमी धाग्याचं रीळ काढलं. म्हणाला, "हा आम्ही तंबोऱ्याच्या तारेखाली सरकवतो. नेमका जागेवर बसला की तार बोलायला लागते. याला आम्ही जीव म्हणतो."

"काय म्हंता?"

"जीव."

अण्णा खाली बसले. अक्षरशः बसले, दुकानाच्या पायरीवर. "डागदर, आयकलं का? मी येवडी वर्सं पिसात जीव घालायला बघतोय, आन त्यो हितं रिळावर मिळतोय व्हय!" कारागीर हसायला लागला. त्यानं एक तंबोरा उचलला, धागा सरकवून दाखवला, आणि ती भरून आलेली तार गल्लीभर घुमली. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. परतीच्या वाटेवर ते एकदाही बोलले नाहीत. ही एकच गोष्ट त्या दिवशी मला चमत्कार वाटली.

आणि मग पाणी आलं!

उपसा सिंचन योजनेचं पाणी येणार, येणार, हे गाव इतकी वर्षं ऐकत होतं, की त्यावर कुणी मानही वर करत नसे. पण एका सकाळी सिदराम धोतर सावरत पळत आला, "आलं! आलं! वड्याला आलं!" सगळा गाव ओढ्याकडं धावला. आधी फेस आला, पालापाचोळा ढकलत. मग एक तांबूस जीभ पुढं सरकली, भेगांत शिरली, आणि भेगा भुडभुड करत तिला पिऊ लागल्या. हलगी वाजली. बायकांनी पाण्याची ओटी भरली. म्हातारी माणसं कपड्यांसकट आत बसली. तायव्वाचा कोंबडासुद्धा बांधावर चढून आरवला. आणि या सगळ्यात अण्णा बूट, टोपी, काठी अशा पूर्ण गणवेशात ताठ उभे होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात सलामीच्या जागी असल्यामुळं पुसता येत नव्हतं.

"आण्णा, टाका की आता!" पोरं ओरडली.

"येडं का खुळं? पाव्हणा अजून बूट काढतोय, आन तुमी जेवाय वाढा म्हंताय!"

त्यांनी काही महिने वाट पाहिली. तळं भरलं, गढूळपणा खाली बसला, काठाला हिरवं गवत फुटलं. अण्णा रोज जायचे, नुसते बघायचे आणि परत यायचे. गाव परत हसायला लागलं. मग एके दिवशी एक बगळा येऊन उभा राहिला. अण्णा धावत दवाखान्यात आले. मी एका म्हशीच्या मागं खांद्यापर्यंत हात घालून उभा होतो.

"डागदर, बगळा आला!"

"मग?"

"बगळा फुकट पहारा देत न्हाई!"

म्हैस मोकळी करून, हात धुऊन मी पळालो. ऊन कलतं होतं. तळ्याच्या वरच्या अंगाला, लव्हाळ्याजवळ, पाण्यावर एक वर्तुळ उमटलं. मग दुसरं. नदीकाठच्या माणसाला त्या वर्तुळाचा अर्थ सांगावा लागत नाही. माझ्या अंगावर काटा आला. चिलापी! ओढ्याच्या पाण्याबरोबर आलेली पिल्लं आता मोठी होऊन वर तोंड मारत होती.

अण्णांनी डबीतून एक माशी काढली. तायव्वाच्या कोंबड्याचं पीस, घरच्या मेंढीची लोकर, मिरजेचा जीव, नेलपॉलिशचा थेंब. तंगूस ओवलं, वेढे दिले, जिभेला लावलं, ओढलं. कट्ट्यावरची माणसं एकेक करून मागं जमली. सिदराम तर हॉटेल उघडं टाकून आला होता.

दोरी मागं गेली. थांबली. पुढं झेपावली. या गावात आल्यापासून पहिल्यांदा ती मातीवर न पडता पाण्यावर उतरली. माशी बसली. कुणी श्वास घेईना.

डुबुक!

"लागलाऽऽ!" सिदराम किंचाळला.

काठी कमानीसारखी वाकली. काठीच्या मुठीजवळची दोरीची चरखी कर्र कर्र करू लागली. "वडा! वडा!" गाव ओरडत होता. "वडू नगा रं, खेळू द्या त्याला! शाबाश बेटा, शाबाश, दम रख!" अण्णा ओरडत होते, आणि ते कुणाला म्हणत होते, माशाला की स्वतःला, हे कळायला मार्ग नव्हता. मासा लव्हाळ्यात शिरायला बघे, अण्णा काठी आडवी करून त्याला फिरवत. बूट चिखलात रुतला, तो तिथंच सोडून ते एका बुटानिशी पाण्यात उतरले. मीही चपला टाकून मागं. मासा कडेला आला, उसळला, परत गेला, परत आला. गाठ टिकली. शेवटी अण्णांनी आधी हात ओले केले, मग त्याला अलगद ओंजळीत घेतलं.

तळहाताएवढी चिलापी. पण गावानं असा जल्लोष केला, की बगळा उडून गेला.

अण्णांनी गळ काढला, माशाचं तोंड पाण्यात धरलं, कल्ले हलेपर्यंत थांबले आणि हात उघडले. मासा गेला.

"सोडला?" सिदरामाचा आवाज चिरकला. "आवं आण्णा, मी कढई ठेवून आलोय!"

हसू फुटलं ते फुटलंच. अण्णांच्या पाठीवर थापा पडल्या. कुणी फोटो काढले, कुणी काठी हातात घेऊन बघितली. मग तेल जळेल म्हणून सिदराम पळाला आणि त्याच्यामागं चहाच्या ओढीनं बाकीचे पांगले. अण्णा आणि मी चिखलातून बूट उपसत राहिलो.

वर बांधावरून मेंढ्या खाली आल्या. मागं निंगव्वा अक्का. किती वेळ तिथं उभ्या होत्या, कोण जाणे. त्या पाण्यापाशी आल्या, कळप पाण्याला लागलेला बघितला आणि परत वळायला निघाल्या.

अण्णांनी घाईघाईनं काठावरच्या सपाट दगडावरचा चिखल आपल्या हिरव्या टोपीनं पुसला.

"बा, कुंद्रू," ते म्हणाले. कानडीतलं 'ये, बस' एव्हाना मला समजत होतं. पण या आवाजात मी ते ऐकलं नव्हतं.

अक्का जागीच थांबल्या. "बसून काय करू?" म्हणाल्या. "घागर आणली न्हाई."

अण्णा माझ्याजवळ येऊन काठीची दोरी गुंडाळू लागले. हळू आवाजात म्हणाले, "तिकडं वर असताना, डागदर, एकदा फोनवर हिला सांगत हुतो. म्हनलं, दारातनं वढा वाहतोय, रातध्याड वाहतोय, थांबतच न्हाई. तर ही म्हनली, 'निस्ता वाहतो? कोन भरून घेत न्हाई?' हितं टँकरमागं पळून हिच्या टाचंला भेगा पडल्याल्या, आन मी तितं पाण्यात हुबा हुतो." त्यांनी चरखी बंद केली. "जल्मभर हिनं पाणी भरलं. पाण्याकडं बसून बघितलं न्हाई कवा. म्हनलं, मी हितं रोज हुबा ऱ्हायलो, तर येडा काय करतोय बघाय तरी कवातरी यील."

मी मागं पाहिलं. अक्का दगडावर बसल्या होत्या. अगदी कडेला, आता उठायचंच आहे अशा. मग थोड्या मागं सरकल्या. मेंढ्या पाणी पिऊन काठावरच्या गवताला लागल्या होत्या. अक्कांनी इकडं-तिकडं बघितलं, लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं आणि पाय पाण्यात सोडले.

बराच वेळ काही झालं नाही. मग एकदम त्या दचकल्या. "आगं बया! चावत्यात!"

बोटाएवढी पिल्लं त्यांच्या टाचांभोवती गोळा झाली होती. भेगांना तोंडं लावत होती. अक्कांनी पदर तोंडावर धरला, पण हसू काही पदरात मावेना. त्या हसत होत्या, पोरीसारख्या, खांदे हलवत. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना कधी ऐकलं नव्हतं.

अण्णांनी काठी गवतात ठेवून दिली. पाण्यात लाट उठू नये म्हणून पाऊल जपून टाकत ते दगडाजवळ गेले आणि अक्कांच्या शेजारी हलकेच टेकले.

"हलू नगं," ते कुजबुजले. "अजून येत्यात."